‘लाखोळीचा लकवा’ म्हणावं का?

भंडारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: गावातल्या आरोग्य शिबिराच्या फलकावर ‘लॅथिरिझम’साठी, म्हणजे लाखोळी हे कडधान्य फार खाऊन पाय आखडतात त्या आजारासाठी, ‘लाखोळीचा लकवा’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. ‘लकवा’ मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ तोंड वाकडं होणं एवढाच. मराठीत तो पसरला आणि अर्धांगवायूलाही लागू झाला. आज ‘त्याले लकवा मारला’ म्हटलं की अंगाची एक बाजू अचानक लुळी पडली, असंच कोणीही समजतो. तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा घोटाळा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून तिथे धावपळ हवी.

लाखोळीचं तसं नाही. दुष्काळात दुसरं काही नसलं आणि महिनोन्‌महिने पोट मुख्यतः तिच्यावरच भरलं, तर दोन्ही पाय आखडतात. लुळे पडत नाहीत, उलट ताठरतात. माणूस चवड्यांवर चालतो, गुडघे एकमेकांवर घासतात, पाय कात्रीसारखे आडवे पडतात, हाती काठी येते. बुद्धी आणि बोलणं शाबूत. लाखोळीतलं ओडीएपी हे द्रव्य ग्लुटामेट या मेंदूतल्या निरोप्याचं सोंग घेऊन हालचालींच्या चेतापेशींना अति उत्तेजित करतं. ते 1964 साली वेगळं काढण्यात आलं. खाणं थांबवलं की आजार सहसा पुढे वाढत नाही, पण गेलेली चाल बहुधा परत येत नाही. (हे सारं महिनोन्‌महिने तिच्यावरच पोट भरलं तर; अधूनमधून लाखोळीचे वडे खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. भिजवून, उकळून पाणी फेकलं की द्रव्य बरंच कमी होतं.)

‘लॅथिरिझम’ हे नाव 1873 साली कांतानी या इटालियन डॉक्टरने रूढ केलं. आपल्याकडे शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे: सुश्रुतसंहितेतला ‘कलायखंज’. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचं कडधान्य, खंज म्हणजे लंगडा. गंमत अशी की तिथल्या श्लोकात कापत, लंगडत चालण्याचं वर्णन आहे, धान्याचा दोष नाही. तो फक्त नावात आहे. ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात मात्र ‘त्रिपुट’ खंजत्व आणि पंगुत्व आणतो, असं सरळच म्हटलंय. त्रिपुट म्हणजे बहुतेकांच्या मते आपली लाखोळीच.

तरी फलकावर ‘कलायखंज’ लिहू नका, कोणी वाचायला थांबणार नाही. धानाच्या उभ्या बांधीत ओल असतानाच लाखोळी फेकणाऱ्या शेतकऱ्याला ‘लाखोळीचा पांगळेपणा’ लगेच कळेल. नुसतं ‘लाखेचा’ही नको, झाडावरची लाख वेगळी. आणि ‘ळ’ सांभाळा, ‘लाखोली’ देवाला वाहतात, नाहीतर शेजाऱ्याला. तुमच्याकडे ‘लाखोरी’ म्हणत असतील, तर तेच लिहा.