दोन फेऱ्यांत शंभर घनमीटरचा फरक

प्रश्न : हरिपूरच्या संगमाखाली बोटीवरून एडीसीपीने (ध्वनिलहरींनी पाण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) कृष्णेचा विसर्ग मोजला. पात्र दीडशे मीटर रुंद, सरासरी खोली सहा मीटर. डाव्या तीराकडून उजवीकडे जाताना सेकंदाला ९४० घनमीटर भरले, परतताना १,०४०. तळाची वाळू वाहत होती म्हणून बोटीचा वेग तळावरून न धरता जीपीएसवरून घेतला. यंत्रातलं होकायंत्र त्याच सकाळी ऑफिसच्या आवारात कॅलिब्रेट केलं होतं, म्हणजे त्याची चूक तपासून दुरुस्त केली होती. मग चुकलं कुठे?
— कनिष्ठ अभियंता, सांगली

उत्तर : ऑफिसच्या आवारात, तिथेच चुकलं.

जीपीएस घेतलंत ते योग्यच. वाळू वाहू लागली की यंत्राला बोटच प्रवाहाच्या उलट वर सरकल्यासारखी वाटते आणि विसर्ग कमी भरतो. पण तळाचा आधार असतो तोवर बोटीचा आणि पाण्याचा वेग एकच यंत्र मोजतं, त्यामुळे होकायंत्र बिघडलं तरी विसर्गाला धक्का लागत नाही. जीपीएस मात्र उत्तर दिशा धरून बोलतं. त्याची यंत्राशी सांगड घालायला होकायंत्रच लागतं.

हिशेब करून बघा. बोट सेकंदाला १ मीटर चालली आणि दिशा ३ अंशांनी चुकली, तर सेकंदाला सुमारे ५ सेंटीमीटर वेगाचा खोटा प्रवाह तयार होतो. तुमच्या पात्राचं क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ४७ घनमीटर. पुरात बोटीचं तोंड दोन्ही फेऱ्यांत वरच्या अंगालाच असतं, म्हणून चूक तीच राहते. जाताना वजा होते, येताना अधिक. दोन्ही मिळून ९४, तुमचा शंभरचा फरक असा आला. आपल्याकडे खरी उत्तर दिशा आणि होकायंत्राची चुंबकीय उत्तर दिशा यांत फार अंतर नाही, तेव्हा संशय बोटीतल्या लोखंडावरच घ्या; ऑफिसच्या आवारात ते यंत्राजवळ नव्हतं.

मी हे संगम माहुलीला शिकलो. काठावर अगदी मन लावून कॅलिब्रेशन केलं होतं. मग नांगर आणि साखळी नेहमीप्रमाणे पुढच्या फळीखाली गेली, यंत्रापासून हातभर अंतरावर. दोन्ही फेऱ्या जुळेनात. शेवटी खिशातलं साधं होकायंत्र साखळीवर धरलं, तर सुई थरथरत चांगली दहा अंश वळली. साखळी मागच्या टोकाला नेली, पुन्हा कॅलिब्रेट केलं, तेव्हा कुठे आकडे जुळले.

म्हणून यंत्र बोटीवर बसवून, बॅटरी, नांगर, माणसं सगळी आपापल्या जागी असताना, पाण्यातच कॅलिब्रेट करा. बोट सावकाश गोल फिरवा. एका फेरीला मिनिट-दोन मिनिटं लागू द्या, आणि अशा दोन फेऱ्या घ्या. फिरताना बोट थोडी डोलू द्या, कारण मोजणीतही ती डोलणारच. मोबाइल आणि किल्ल्या यंत्राजवळ नकोत. पुलाखाली करू नका, काँक्रीटमध्ये सळई असते. घाटाच्या काळ्या पायरीवर यंत्र टेकवूनही नको. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. उरलेली चूक १ अंशाच्या आत आली नाही, तर बोटीतलं लोखंड हलवा आणि पुन्हा फिरवा.

झालेली मोजणी टाकून देऊ नका. दोन्ही वेळा बोटीचा वेग सारखा असेल, तर ९९० ही सरासरी खऱ्याच्या जवळ आहे. वेगाची नोंद तपासा. पुढच्या खेपेला बोट आणखी हळू न्या आणि फेऱ्या सम संख्येत घ्या.