जमीन राज्यातली, कर संघसरकारचा : दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न : टेक्सासमधील माझ्या जमिनीचा काही भाग मी विकला. त्यावरील नफ्याचा माझा हिशोब अमान्य करून आयआरएसने (संघसरकारच्या करखात्याने) जादा कराची नोटीस पाठवली आहे. जमीन राज्याच्या हद्दीत असल्यामुळे संघीय न्यायालयाला अधिकारक्षेत्रच नाही, तेव्हा नोटिशीकडे दुर्लक्ष करून राज्याच्या न्यायालयातून मनाईहुकूम आणावा, असे एका परिचितांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का? – एक वाचक, टेक्सास

उत्तर : नाही, आणि कळकळीने सांगतो, या सल्ल्याच्या मागे लागून हातातले दिवस घालवू नका. कर जमिनीवर नसून तुमच्या उत्पन्नावर आहे, आणि 1867 पासून चालत आलेल्या कायद्याने करआकारणी किंवा वसुली थांबवण्यासाठीचा दावा, मोजके अपवाद सोडल्यास, कोणत्याही न्यायालयात चालत नाही. अधिकारक्षेत्राचा हा मुद्दा न्यायालयांनी अनेकदा फेटाळला आहे, आणि असे निराधार मुद्दे मांडणाऱ्यास टॅक्स कोर्ट (संघीय कराचे वाद ऐकणारे न्यायालय) 25,000 डॉलरपर्यंत दंड करू शकते.

मिशिगनमधील ग्रेबल कंपनीचे प्रकरण येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. थकीत करापोटी आयआरएसने 1994 मध्ये तिची जमीन जप्त करून विकली. जप्तीची नोटीस कायद्यानुसार प्रत्यक्ष हातात द्यायला हवी होती, ती टपालाने आली, म्हणून विक्रीच अवैध ठरते, असा दावा कंपनीने पुढे खरेदीदाराविरुद्ध राज्याच्या न्यायालयात लावला. दोन्ही पक्ष खाजगी, वाद मालकीहक्काचा, जमीन मिशिगनची. तरीही सारा निकाल संघीय करकायद्याच्या एका कलमाच्या अर्थावर अवलंबून असल्यामुळे हा दावा संघीय न्यायालयात चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये एकमताने ठरवले. तुमच्या प्रकरणात तर समोर प्रत्यक्ष सरकारच आहे.

जमिनीवर संघीय कराचा बोजा चढला असेल, तर मालकीहक्क स्पष्ट करून घेण्याचा दावा राज्याच्या न्यायालयात लावता येतो, हे खरे आहे. परंतु सरकार तो संघीय न्यायालयात हलवू शकते, आणि कराची रक्कम बरोबर की चूक हा प्रश्न त्यात उकरता येत नाही. परिचितांच्या बोलण्यात तथ्य असलेच तर ते एवढेच.

आता नोटीस हातात घ्या. ती रीतसर तुटीची नोटीस (म्हणजे कर कमी भरल्याचे अधिकृतपणे कळवणारी) असेल, तर टॅक्स कोर्टात अर्ज करण्याची शेवटची तारीख तिच्यावरच छापलेली असते. अमेरिकेत राहणाऱ्यास नोटिशीच्या तारखेपासून 90 दिवस मिळतात. अधिकाऱ्यांशी फोनवर बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत वाढत नाही, आणि नेमके याच भरवशावर अनेकजण ती चुकवतात. या न्यायालयाचा मोठा फायदा असा की वादातला कर आधी भरावा लागत नाही. तसेच वर्षाला 50,000 डॉलरपर्यंतच्या वादासाठी सोपी कार्यपद्धतीही आहे, मात्र तिच्यातील निकालावर अपील नसते.

मुदत टळली तर सहसा एकच वाट राहते : संपूर्ण कर भरायचा, परताव्याची मागणी करायची, आणि ती नाकारली गेल्यास दोन वर्षांच्या आत संघीय जिल्हा न्यायालयात किंवा फेडरल क्लेम्स कोर्टात (सरकारविरुद्धचे पैशांचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात) दावा लावायचा. आधी पूर्ण रक्कम भरण्याची ही अट सर्वोच्च न्यायालयाच्या 1960 च्या फ्लोरा निकालाने पक्की केली. म्हणून करविषयक वकिलाची भेट याच आठवड्यात घ्या, आणि अर्ज टपालाने जाणार असेल तर रजिस्टर्ड पोस्टाची शिक्का मारलेली पावती खरेदीखतासोबत जपून ठेवा.