जुन्या कॉम्प्युटरचा राउटर केलाय, पण नेट मधूनच जातं आणि येतं. मशीन बदलू का?

तुमचा प्रश्न असा: गुहागरला घरी जुन्या ड्युअल कोअर डेस्कटॉपवर ओपीएनसेन्स (कॉम्प्युटरचा राउटर करणारी सिस्टीम) टाकून राउटर केलाय, दिवसातून काही वेळा इंटरनेट एक-दोन मिनिटं जातं आणि आपोआप येतं, तर मशीन बदलू की एखादी सेटिंग? पण मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. "घरचे म्हणतात, ते भंगार आधी बाहेर काढ."

काढू नका. लॉग, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेली घडामोडींची नोंद, वाचून होईपर्यंत त्या मशीनचा स्क्रूसुद्धा सैल करू नका, आणि कुणी कितीही सांगितलं तरी रीस्टार्ट करू नका. "रीस्टार्ट करून बघा" हा या बाबतीतला सगळ्यात वाईट सल्ला आहे. तुमचं नेट दोन मिनिटांत आपोआप येतंच. तेवढ्यात कुणीतरी जाऊन बटण दाबतं, मशीन सुरू होईपर्यंत लाईन परत आलेली असते, आणि घरात कायमचं ठरून जातं की दोष मशीनचाच. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची दुसरी सिस्टीम वापरणाऱ्यांचं तर आणखी नुकसान, कारण तिथे लॉग रॅममध्ये असतो. रीस्टार्ट केलं की पुरावा गेला.

आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. माझं आणि ह्यांचं बाजारात सायबर कॅफे होतं. सातबारा, परीक्षांचे फॉर्म, रेल्वेची तिकिटं, सगळं तिथे व्हायचं. २०१६ नंतर ज्याच्या त्याच्या मोबाईलवर स्वस्त डेटा आला आणि गिऱ्हाईक आटलं. कॅफे बंद केला तेव्हा भंगारवाला सगळी मशीनं किलोवर न्यायला आला होता. मी दिली नाहीत. त्यातल्याच एका कोअर टू ड्युओचा मी राउटर केला. चार जीबी रॅम होती तीच, हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी घातली, लॅमिंग्टन रोडवरून इंटेलचं जुनं दोन पोर्टचं सर्व्हर कार्ड मागवलं. बायोसचा सीआर२०३२ सेल बदलला, एसएमपीएसमधल्या (पॉवर सप्लायच्या डब्यातल्या) मुंग्या काढल्या, बायोसमध्ये लाईट आली की मशीन आपोआप सुरू होईल अशी सेटिंग केली. हे मी हौस म्हणून केलं नाही. आम्ही दोन खोल्या पर्यटकांना देतो. पाहुण्यांचं वायफाय वेगळं आणि आंब्याच्या हिशेबाचा कॉम्प्युटर वेगळा ठेवायचा होता, आणि आमच्या बजेटमधल्या राउटरमध्ये ते मनासारखं होत नव्हतं.

ऐन एप्रिलमध्ये नेट तुटायला लागलं. पेट्या भरून ठेवलेल्या, गिऱ्हाईक फोनवर पैसे पाठवतंय, पार्सलच्या स्लिपा काढायच्या आहेत आणि मध्येच सगळं थांबायचं. लाईनवाल्याकडचा मुलगा आला. माझ्या मशीनकडे बघितलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता ह्यांना म्हणाला, "लायनीत काय एक नाय. ह्यो डबो आधी काडा, मगे बोला." मशीन मी बांधलंय, पासवर्ड मला माहीत आहेत, समोर उभी मी आहे, पण विचारलं ह्यांना.

मे महिन्यात माझे दीर डोंबिवलीहून मुलांना घेऊन आले. ते आयटीत आहेत. येताना नवा राउटर घेऊनच आले होते. "वहिनी, विज्ञान प्रदर्शन पुरे झालं आता. हा लावू या, सुटाल." मी अडवलं नाही. माझं मशीन बाजूला तसंच चालू ठेवलं आणि वायर त्यांच्या राउटरला जोडू दिली. त्याच संध्याकाळी नेट गेलं. भावोजींनी लगेच कस्टमर केअरला फोन लावून भांडण काढलं, "तुमची लाईन खराब आहे."

म्हणजे माझ्या मशीनवर तुटलं तेव्हा मशीन भंगार, आणि त्यांच्या राउटरवर तुटलं तेव्हा लाईन खराब! हे मी तेव्हाही बोलून दाखवलं होतं आणि आज पुन्हा लिहिते. घरी बनवलेल्या वस्तूवर आधी आरोप होतो आणि तपास नंतर. दुकानातल्या वस्तूच्या बाबतीत बरोबर उलटं.

शिवाय त्यांच्या राउटरमध्ये बघायला काहीच नव्हतं. "डिसकनेक्टेड" आणि "कनेक्टेड", एवढंच. सकाळी मी माझं मशीन परत जोडलं, कारण काय झालं ते सांगू शकणारी घरातली ती एकच वस्तू होती.

लॉगमध्ये नेट जाण्याच्या प्रत्येक वेळी एकच ओळ सापडली: ईएम०, लिंक स्टेट चेंज्ड टू डाऊन. ईएम० म्हणजे इंटेल कार्डाचं ते पोर्ट, ज्यातून वायर फायबरच्या डब्याला, ओएनयूला जाते. आता नीट विचार करा. मशीनचा अपटाईम महिनोन्‌महिन्यांचा, म्हणजे मशीन बंद पडत नव्हतं. फायबर किंवा पुढची लाईन तुटली असती तर ओएनयू आणि माझं कार्ड यांच्यातली लिंक शाबूत राहिली असती आणि फक्त पीपीपीओई, म्हणजे कंपनीकडे युजरनेम-पासवर्डने होणारं लॉगिन, पडलं असतं. इथे लिंकच पडत होती. कार्डाचं दुसरं पोर्ट लावून बघितलं, तेच. म्हणजे लाईनवाल्या मुलाचंही खोटं आणि भावोजींचंही. दोष मधल्या वायरीत किंवा ओएनयूमध्ये.

आधी वायर. पडवीतून माजघरात येते, मध्ये जांभ्याची जाड भिंत. पडवीकडच्या जॅकच्या पिना हिरव्या पडलेल्या होत्या. दोन्ही टोकं कापून नवे जॅक क्रिम्प केले. लिंक आतापर्यंत १०० एमबीपीएसवर चालत होती ती १००० वर आली, पण तुटणं चालूच राहिलं.

मग लॉगमधल्या वेळा वहीत उतरवून काढल्या. सगळ्या पहाटेच्या नाहीतर संध्याकाळच्या. वाडीत त्या वेळी विहिरींवरचे पंप चालू होतात. आमचं घर डीपीपासून सगळ्यात लांब. कुणाचाही पंप सुरू झाला की आमचा बल्ब क्षणभर मंद होतो, आणि हे इतक्या वर्षांचं आहे की कुणाच्या लक्षातही येत नाही. मी पडवीत ओएनयूसमोर बसले आणि मुलाला आमचाच पंप चालू करायला पाठवलं. बल्ब मंद झाला आणि ओएनयूचे सगळे दिवे एकदम विझले. मग पॉवरचा लागला, पॉनचा (फायबर जुळल्याचा) लुकलुकत राहिला, स्थिर झाला, त्यानंतर माझ्या मशीनने पीपीपीओई डायल केलं. तुमच्या त्या एक-दोन मिनिटांचा हिशेब असा लागू शकतो.

माझं मशीन यूपीएसवर होतं. भावोजींचा राउटरही त्याच यूपीएसवर लावला होता. पण ओएनयू पडवीत, जिथून फायबर घरात शिरतं तिथे. त्याचा अडाप्टर लाईनवाल्यांनी थेट भिंतीवरच्या बोर्डात खोचून दिलेला. मल्टीमीटर लावला तर पंप सुरू होताना दाब १८० व्होल्टच्या खाली जात होता. भावोजींनी फोनवर विचारलं, "अडाप्टरवर तर १०० ते २४० लिहिलेलं असतं, मग काय फरक पडतो?" नव्या अडाप्टरला पडत नाहीच. दाब क्षणभर एकदम कोसळतो तेवढा वेळ आतला मोठा कपॅसिटर साठवलेल्या चार्जवर निभावून नेतो. पडवीच्या पत्र्याखाली उन्हाळे काढून तो कपॅसिटर सुकतो, त्याची साठवण घटते, मग ओएनयूला जाणाऱ्या १२ व्होल्टला झटका बसतो आणि ओएनयू नव्याने सुरू होतो. अडाप्टर उघडला तेव्हा कपॅसिटरची टोपी फुगलेली होती. तसाच १२ व्होल्टचा नवा अडाप्टर आणला आणि ओएनयूसाठी राउटरचा छोटा डीसी यूपीएस बसवला. त्या प्रकारे नेट पुन्हा गेलेलं नाही, आणि माझं कोअर टू ड्युओ आजही तिथेच चालू आहे.

त्या मुलाने माझ्या डब्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतः लावलेल्या अडाप्टरला हात लावून बघितला असता, तर आमचा सीझन वाचला असता.

आता तुमचं. सिस्टीममध्ये लॉग फाइल्स, त्यात जनरल उघडा आणि नेट गेलं त्या मिनिटाच्या ओळी वाचा. मशीनचं घड्याळ बरोबर आहे ना ते आधी बघा, नाहीतर वेळा जुळणार नाहीत. लिंक डाऊन दिसली तर माझ्यासारखी वायर आणि ओएनयूचा अडाप्टर धरा. लिंक शाबूत, पण पीपीपीओईच्या लॉगमध्ये एलसीपी एकोला (लाईन जिवंत आहे ना, या विचारणेला) उत्तर येत नाही असं दिसलं, तर तक्रार पुढची आहे. त्याच वेळी ओएनयूवर एलओएसचा (फायबरमधून प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागतो का बघा, आणि ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा वाचा. साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएममध्ये हवा. उणे २७ च्याही पलीकडे चालला असेल तर कुठेतरी सांधा कच्चा आहे किंवा फायबर वाकलंय. वादळानंतर घाईत जोडलेल्या लाईनींत हे सर्रास असतं, आणि त्यासाठी लाईनवाल्यालाच बोलवावं लागतं. फक्त तो आला की आकडा दाखवून बोला. ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग जातोय पण पानं उघडत नाहीत, असं असेल तर तो डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याचा, घोटाळा. लॉगमध्ये काहीच नाही आणि एकट्या मोबाईलचंच नेट जातंय, तर वायफाय. जांभ्याच्या दोन भिंतींपलीकडे सिग्नल पोचत नाही, त्यात राउटरचा काय दोष?

दोष मशीनचा की नाही हे एकदाच पक्कं करायचं असेल तर लॅपटॉप वायरने थेट ओएनयूला लावा, त्याच्यावरूनच पीपीपीओई डायल करा आणि तुटण्याच्या वेळेपर्यंत तसाच ठेवा. तिथेही तुटलं तर घरच्यांना बोलावून दाखवा.

गुहागरला खारा वारा आमच्यासारखाच असणार. जॅकच्या पिना, रॅमचे आणि कार्डाचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पावसाळ्याआधी आणि नंतर. लिंकचा वेग १००० वरून १०० वर आलेला दिसला तर वायरीतली तारांची एखादी जोडी गेली समजा, कारण १०० ला दोन जोड्या पुरतात आणि १००० ला चारही लागतात. स्वस्त वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते, ती पडवीत ओढू नका. वळवाच्या पावसात वीज कडकडायला लागली की प्लग काढा, यूपीएसच्या भरवशावर राहू नका.

हेही सांगायला हवं की जुन्या मशीनचा दोष कधीकधी खराच असतो. तुमच्या बोर्डवरचं कार्ड रिअलटेकचं असेल तर लॉगमध्ये आरई० नावाने दिसेल. त्याच्यासमोर "वॉचडॉग टाइमआउट" आलं तर कार्ड अडकतंय. ओपीएनसेन्समध्ये रिअलटेकच्या ड्रायव्हरचं प्लगइन मिळतं, ते टाकून बघा. मी म्हणेन इंटेलचं जुनं कार्डच घ्या, कटकट संपते. लॉगमध्ये मधूनच बूट झाल्याच्या ओळी दिसल्या तर एसएमपीएस संशयित. आणि अडाप्टर उघडायचाच असेल तर प्लग काढून बराच वेळ थांबा, आतल्या कपॅसिटरचा झटका जोराचा बसतो. नाहीतर उघडूच नका, सरळ बदला, स्वस्त असतो.

विजेचा मुद्दा भावोजींचा बरोबर आहे, तो मी मान्य करते. असं डेस्कटॉप मशीन ५०-६० वॅट खातं, म्हणजे अहोरात्र चालवलं तर महिन्याला चाळीसेक युनिट. दुकानातला राउटर १० वॅटच्या आसपास. बिल परवडत नसेल तर कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला थिन क्लायंट (कमी विजेवर चालणारा छोटा कॉम्प्युटर) घ्या आणि त्यावर हीच सिस्टीम टाका. बदलण्याचं ते कारण पटण्यासारखं आहे.

तुमचं कार्ड कुठलं, ओएनयूचा अडाप्टर कुठल्या बोर्डावर आहे आणि नेट जातं तेव्हाच्या लॉगच्या ओळी काय आहेत, एवढं लिहा. सेटिंगचं त्यावरून बघू.