कंबरदुखीवर कायरोप्रॅक्टिक : तुलना कशाशी करावी?

प्रश्न : माझे वय ४४ असून काम बैठे आहे. वर्षभर कंबर दुखते आहे. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगितले आणि गोळ्या व फिजिओथेरपी सुचवली. त्याने थोडा गुण आला. पण व्यायाम सुटले आणि दुखणे परतले. आता एका स्नेह्यांच्या आग्रहावरून कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्यांना हाताने झटके देऊन उपचार करणाऱ्यांकडे, गेलो. पहिल्याच सिटिंगनंतर कंबर मोकळी वाटली. मणके जागचे सरकले असल्याचे सांगून त्यांनी काही महिन्यांच्या सिटिंगचे पैसे आगाऊ भरण्यास सुचवले आहे. इतर उपचारांच्या तुलनेत हा खर्च करण्याजोगा आहे का, हे कसे ठरवावे?

उत्तर : आपल्याला आराम वाटला, हे खरेच आहे आणि त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. मात्र तो आराम उपचाराने किती आणि काळाने किती मिळाला, हे एका सिटिंगवरून कळत नाही. कंबरदुखी कमीजास्त होत राहते. माणूस उपचाराकडे वळतो तो बहुधा ती सर्वांत असह्य झाल्यावर, आणि त्यानंतर ती काही प्रमाणात आपोआपच ओसरते. म्हणून ‘बरे वाटले का’ एवढे विचारून भागत नाही. ‘दुसरे काय केले असते तर किती बरे वाटले असते’ हेही विचारावे लागते.

या प्रश्नाला थेट भिडणारा एक अभ्यास अमेरिकेत झाला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीच्या ३२१ प्रौढ रुग्णांचे तीन गट करून एका गटाला कायरोप्रॅक्टिक उपचार, दुसऱ्याला मॅकेन्झी पद्धतीची (ठरावीक व्यायामांवर आधारलेली) फिजिओथेरपी आणि तिसऱ्याला फक्त माहितीची एक पुस्तिका देण्यात आली. पहिल्या दोन गटांत फारसा फरक आढळला नाही. पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा त्यांना थोडे अधिक बरे वाटले, पण तो फरक लहान होता, आणि दुखणे पुन्हा उद्भवण्याचे प्रमाणही तिन्ही गटांत सारखेच राहिले. दोन वर्षांचा सरासरी खर्च मात्र कायरोप्रॅक्टिकसाठी ४२९ डॉलर, फिजिओथेरपीसाठी ४३७ डॉलर आणि पुस्तिकेच्या गटात १५३ डॉलर इतका होता. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण दोन उपचारांत श्रेष्ठ कोण एवढ्यावर न थांबता अगदी साध्या, स्वस्त पर्यायाच्या तुलनेत प्रत्येकाने किती भर घातली, हे त्याने मोजले.

पुढील संशोधनाने हे चित्र फारसे बदललेले नाही. जुनाट कंबरदुखीवरील ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्यांना हाताने झटका किंवा हालचाल देण्याच्या उपचाराचा उपयोग व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांइतकाच होतो, असे त्यात दिसले. हा उपचार कायरोप्रॅक्टरांखेरीज प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि ऑस्टिओपॅथ (हाडे-स्नायूंवर हाताने उपचार करणारे) हेही देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मसाज यांच्याबरोबर या उपचाराला स्थान आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये मात्र तो व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, अशी अट घातली. त्यामुळे हा उपचार निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, आणि इतरांपेक्षा सरस आहे असेही म्हणता येत नाही.

आपल्या बाबतीत फिजिओथेरपी अपुरी पडली की व्यायाम सुटल्यामुळे तिचा गुण टिकला नाही, याचा आधी विचार करावा. फिजिओथेरपी म्हणजे नेमके काय झाले, हेही पाहावे. ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणे), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) आणि कंबरेचा पट्टा यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये, असे त्याच २०२३ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. अशा उपकरणांवरच भर राहिला असेल, तर आपण फिजिओथेरपीचा सर्वांत उपयोगी भाग अजून घेतलेलाच नाही. तुलना करताना दारावरची पाटी पाहू नये, खोलीत प्रत्यक्ष काय केले जाते ते पाहावे. व्यायाम शिकवणारा आणि कामावर परतायला धीर देणारा कायरोप्रॅक्टर हा नुसते यंत्र लावणाऱ्या फिजिओथेरपिस्टपेक्षा आपल्या अधिक कामाचा ठरू शकतो. पोट, मूत्रपिंड किंवा हृदयाच्या विकारामुळे वेदनाशामक गोळ्या चालत नसतील, तर हाताने केल्या जाणाऱ्या उपचाराचे मोल आणखी वाढते. शस्त्रक्रियेशी मात्र तुलना करूच नये, कारण आपल्याला ती सुचवलेलीच नाही.

‘मणके सरकले’ या निदानाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत कायरोप्रॅक्टिक पद्धत सुरू केली, तेव्हा मणक्यांच्या अशा बिघाडातून रोग उद्भवतात अशी त्यांची धारणा होती. या बिघाडामुळे रोग होतात याला संशोधनाचा आधार नाही, असे ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये जाहीर केले. झटका देताना होणारा ‘कट्’ असा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याने येतो. त्याने मणका जागेवर बसला असे सिद्ध होत नाही.

म्हणून आगाऊ पैसे भरू नयेत, हा माझा ठाम सल्ला आहे. तीन-चार आठवडे प्रत्येक भेटीचे वेगळे पैसे देऊन, व्यायामाच्या जोडीने उपचार घ्यावा. सलग किती वेळ बसता येते, किती चालता येते, रात्री किती वेळा जाग येते, हे आधी आणि नंतर लिहून ठेवावे, आणि त्यात ठळक फरक नसेल तर थांबावे. लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघांच्या मधल्या भागात बधिरता येणे किंवा पायातील शक्ती कमी होत जाणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. ताप किंवा अकारण वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग अथवा ठिसूळ हाडे असल्यास कोणताही झटका घेण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : मानदुखीसाठीही हाच सल्ला लागू होतो का?

उत्तर : बराचसा, पण सावधगिरी अधिक हवी. मानदुखीच्या २७२ रुग्णांवरील एका अभ्यासात (२०१२) मणक्यांवरील हस्तोपचार औषधांपेक्षा सरस ठरला. मात्र एक-दोन भेटींत शिकवलेले घरचे व्यायामही जवळपास तितकेच उपयोगी पडले. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या दुर्मिळ घटना नोंदलेल्या आहेत. फाटलेल्या धमनीमुळेच मान दुखू लागून रुग्ण उपचाराला आला, असेही काही वेळा घडत असावे. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा वाद मिटलेला नाही. व्यायामाने तेवढाच गुण येत असताना हा धोका, लहान असला तरी, मी प्रथम पत्करायला सांगणार नाही. पूर्वी कधी न अनुभवलेली तीव्र मानदुखी अचानक सुरू झाली असेल, किंवा तिच्यासोबत चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना अडखळणे असे काही असेल, तर मानेला कोणाचाही हात लावू न देता थेट रुग्णालयात जावे.