हुकूम म्हणजे नेमकं कोण?

म्युनिक

चि. चिऊस अनेक आशीर्वाद,

परवा तू रडवेली होऊन विचारलंस, "आई, आजी बदामाचा हुकूम बोलली, तर शेजारचा दादा इस्पिकचं पान दाखवून म्हणतो, ये तो हुकुम है. चुकलं कोण?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

कुणीच चुकलं नाही. इंदुरात हिंदीत खेळताना इस्पिकलाच हुकुम म्हणतात. बदाम तिथे पान, चौकट ईंट, किलवर चिडी. आपल्या घरात मात्र हुकूम म्हणजे त्या डावापुरता सगळ्यांवर चढणारा रंग. पाच-तीन-दोनमध्ये पहिली पाच पानं आली की ज्याला पाच हात करायचे असतात तो हुकूम बोलतो, मग उरलेली वाटायची. इंदूरच्या रामबागेत आमच्यात दोन्ही भाषांची मुलं असायची, म्हणून कुठली बोली चालणार ते आधी ठरायचं. तुम्हीही ठरवा.

हुकमाची ही युक्ती मुळात आपली नाही. ती १५ व्या शतकात युरोपात रुजली. आपल्या पत्त्यांवरच्या चार खुणाही त्याच शतकातल्या, फ्रान्समधल्या. त्या आपल्याकडे येण्याआधी आपल्याकडे गंजिफा हे जुने पत्ते होते. बाबराने १५२७ मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा तुला दाखवायची माझी फार इच्छा आहे. गोल पानं, हाताने रंगवलेली, वर लाखेची चकाकी. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० पानं. राजा-प्रधानाखाली निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का मोठा! तिघांनी खेळायचं, आणि दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू व्हायचा, रात्री कृष्णाच्या. बाहेर ऊन आहे की चांदणं, हे पाहून पहिलं पान पडायचं. मला यापेक्षा सुंदर नियम कुठल्याच खेळात सापडलेला नाही. तिथे हुकूम नाही आणि राणीही नाही.

राणी इथल्या बव्हेरियन पत्त्यांतही नाही! राजाखाली ओबर आणि उंटर असे दोन शिलेदार. रंग म्हणजे ओकची फळं, झाडाची पानं, बदाम आणि घंटा. ऑफिसातल्या एका बाईंनी मला शाफकॉफ शिकवला. त्याच्या नेहमीच्या डावात बदाम कायमचाच हुकूम, कुणी बोलायचंच नाही. म्हणजे दादाचा हुकुम इस्पिक, इथला बदाम, आणि आजीचा रोज नवा. मला आजीचाच आवडतो. पाच पानं बघून धाडस करावं लागतं, आणि ते तुला जमतं.

एक गुपित सांगते. तुझे हात कमी पडले आणि पुढच्या डावात आजी तुझ्याकडून पान ओढायला लागली, की ती हमखास उजवीकडचं ओढते. हुकमाचा एक्का डावीकडे धर.

तुझी,
आई