हौसेनं पिल्लू आणलं आणि आता रडू येतंय

"मॅडम, मीच हट्ट करून आणलं आणि आता सकाळी जाग आली की पोटात गोळा येतो, घास उतरत नाही, परत देऊन टाकावंसं वाटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते." कोथरूडची तिशीतली मुलगी, वर्क फ्रॉम होम, घरात दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉर कुत्र्याचं पिल्लू. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा कुर्ता घालून आली होती, बाही वर केली तर मनगटापासून कोपरापर्यंत नुसते पिल्लाचे ओरखडे. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

असं वाटणं नॉर्मल आहे का हे मला बरेच जण विचारतात. हो, पुष्कळांना होतं, याला 'पपी ब्लूज' म्हणतात. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये यावर पेपर काढला, त्यात काळजी, वैताग आणि थकवा अशा तीन गोष्टी निघाल्या. हिला तिन्ही होत्या, पण आम्ही थकव्यापासून सुरुवात केली, कारण झोप नसली की बाकी काही बोलून उपयोग नसतो.

एवढ्याशा पिल्लाला शू फार तर दोन-तीन तास धरता येते, म्हणजे रात्री कुणीतरी उठणार हे आलंच, पण दरवेळी हीच का? नवऱ्याला एकदा बोलावलं तर म्हणे, "कुत्रं हिलाच हवं होतं ना." (बाळंतिणींच्या नवऱ्यांकडूनही हेच ऐकलंय, असो.) शेवटी रात्री दोनपर्यंत तो आणि पुढे ती असं ठरलं.

दुसरं म्हणजे ही त्याला कंटाळा येईल म्हणून दिवसभर खेळवत बसायची. अहो, पिल्लं दिवसाला अठरा-वीस तास झोपतात, झोप मोडली की ती जास्तच चावतात! आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करायची, रडेल म्हणून. मग प्लेपेन (पिल्लाला ठेवायचं छोटं कुंपण) आणलं, आत चावायचं खेळणं टाकायचं आणि दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं, मग पाच, असं वाढवत वाढवत ती एकटी खाली जाऊन चहा पिऊन यायला लागली.

परत द्यायचं का, यावर मी नाही म्हटलं नाही. नीट घर बघून दिलं तर ते पाप नाही. फक्त लसी पूर्ण होईपर्यंत निर्णय नको म्हटलं, कारण तोवर त्याला बाहेर फिरवता येत नाही आणि माणूसही घरात कोंडला जातो. हे ऐकून तिचे खांदे खाली आले बघा.

आता त्याचे दुधाचे दात पडतायत, चपला फस्त होतायत. "लळा लागलाय असं नाही म्हणणार, पण धडधड होत नाही," म्हणाली. मला तेवढं पुरे.

तुमचं मात्र दोन आठवड्यांच्या वर असंच चाललं असेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर थांबूच नका, लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनाही सांगा.