सीओपीडी (फुप्फुसातल्या श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागणारा आजार) आणि स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास परत परत बंद पडणं) असलेल्या माणसाची आठवण खरंच कमी होते का? झोपताना श्वासाचं मशीन लावल्यावर परत येते का?

होते. आणि वय झालं, चालायचंच असं म्हणून गप्प बसवणाऱ्यांचं काही ऐकू नका. तुम्ही लिहिलंय की वडील चिकोडीला असतात, सीओपीडी आहे, रात्री घोरतात, दुपारी बसल्या जागी पेंगतात, तेच तेच परत विचारतात म्हणून घरचे डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी आठवण-बुद्धी जाण्याचा आजार, म्हणायला लागलेत. वाचून राहवलं नाही, आमच्याकडं अगदी हेच झालं, फक्त वडलांच्या जागी आई.

माझं माहेर निपाणी. आईची उमेदीची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली, तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळायची आणि घरी आली की परत चुलीपुढं फुंकणी घेऊन. आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, त्यामुळं तिची धाप म्हणजे जरासा दमा, थंडीचा खोकला, एवढंच सगळे धरून चालले. सीओपीडी फक्त बिडी-सिगरेटवाल्यांना होतो हे डोक्यातून काढा, चुलीच्या धुरानं आणि धुरळ्यानंही होतो. शाळा चौथीपर्यंत, पण गल्लीतल्या बायकांची भिशी तीच चालवायची, वही नाही काही नाही, कुणाचे आले, कुणाचे राहिले, कुणी अर्धेच दिले सगळं तोंडपाठ. तीच बाई एकीकडून पैसे घेऊन आली आणि चार दिवसांनी तिच्याच दारात परत मागायला गेली. पुढच्या महिन्यात परत तसंच. मग काय, गल्लीत कुजबुज सुरू, म्हातारी भिशीचे पैसे खाते म्हणून. आणि आमचा दादा म्हणतो, म्हातारचळ लागलाय तिला, भिशी बंद करा.

मी माहेरी गेले की आईजवळच झोपते. घोरणं सगळ्यांना ऐकू येतं, पण ते मधेच थांबतं तेव्हा बघायला लागतं. छाती-पोट हलतंय पण नाकातोंडातून हवाच नाही, आणि मग एकदम दचकून मोठा श्वास, कूस बदलायची की परत तेच. सकाळी डोकं धरून बसायची, कपाळ ठणकतंय म्हणायची. दादाला सांगितलं तर म्हणे किती गाढ झोपते बघ की, तुलाच झोप नाही. घोरणारा माणूस गाढ झोपलाय असं म्हणणाऱ्यानं एक रात्र शेजारी जागून बघावं.

श्वास 10 सेकंद किंवा जास्त बंद पडला की तो ॲप्निया, आणि असं बंद पडणं नि श्वास उथळ होणं धरून तासाला 30 च्या वर गेलं तर सिव्हिअर, म्हणजे गंभीर. दर वेळी ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणसाला पत्ताही नसतो. दिवसभरातलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, आणि त्या झोपेचेच तुकडे पडतात. फुप्फुसं चांगली असलेला मधल्या वेळात सावरतो तरी, सीओपीडीवाल्याचा ऑक्सिजन आधीच काठावर, तो धाडकन खाली जातो आणि वरून कार्बन डायऑक्साइड साठला तर सकाळी डोकं दुखणं, गुंगी, भ्रमिष्टासारखं बोलणं. दोन्ही आजार एकत्र असले की त्याला ओव्हरलॅप सिंड्रोम म्हणतात, फ्लेनली नावाच्या डॉक्टरनं 1985 ला हे नाव दिलं, म्हणजे काही कालपरवाचा शोध नव्हे. पहिला फटका बहुतेक वेळा लक्ष देण्याला आणि दोन-तीन गोष्टी एकदम सांभाळण्याला बसतो. आईची भिशी तिथंच गंडली.

एका दवाखान्यात आईची आठवणीची टेस्ट घेतली ती कन्नडमध्ये. कन्नडशी माझं भांडण नाही, आईला बाजारापुरतं येतंही, पण शंभरातून सात सात वजा करायला लावायचं तर माणूस मनात ज्या भाषेत हिशोब करतो त्याच भाषेत विचारायला पाहिजे ना. महिना कुठला म्हटल्यावर ती श्रावण म्हणाली, श्रावणच होता, आणि टेस्ट घेणाऱ्या पोरीनं चूक मांडलं! त्या कागदावरून दादानं आईचं डोकं गेलं असं पाहुण्यारावळ्यांत सांगितलं. तुमच्या वडलांची टेस्ट मराठीतच घ्यायला सांगा, लाजू नका.

शेवटी मिरजेला नेलं. स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास नि ऑक्सिजन मोजायची तपासणी, झाली, मनगटातून रक्त घेऊन कार्बन डायऑक्साइड बघितला, तो वाढलेला निघाला म्हणून साध्या सीपॅपऐवजी (मास्कमधून एकाच दाबानं हवा देणारं मशीन) बायपॅप दिलं, त्यात श्वास घेताना जास्त नि सोडताना कमी दाब असतो. सुरुवातीला मास्क उपसून टाकायची, गुदमरतंय म्हणायची, मास्कची साइज बदलल्यावर मग टिकलं. हळूहळू दुपारची गुंगी गेली, तेच तेच विचारणं कमी झालं. सगळं परत आलं का, तर नाही, नावं अजून अडकतात. भिशी मात्र गल्लीनं तिच्याकडं परत दिलीच नाही, त्याचा राग मला आजही आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. मशीननं आठवण परत येईलच असं नाही, अमेरिकेतल्या ॲपल्स नावाच्या अभ्यासात (2012) सीपॅपचा बुद्धीवरचा फायदा थोडाच दिसला होता, झोप मात्र सुधारते. खरा डिमेन्शियाही सोबत असू शकतो, थायरॉइड आणि बी 12 पण तपासून घ्या. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर जास्त दिला की जास्त बरं असं समजून फ्लो वाढवू नका, कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांचा बोटाच्या ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजन साधारण 88 ते 92 टक्क्यांच्या मधेच ठेवतात, डॉक्टर सांगतील तेवढाच. झोपेची गोळी तर अजिबात स्वतःच्या मनानं नको.

आज रात्री वडलांच्या झोपेचा व्हिडिओ काढा, श्वास थांबतो तो भाग नीट येऊ दे, आणि बेळगाव, मिरज, कोल्हापूर जे सोयीचं पडेल तिथं छातीच्या डॉक्टरला दाखवा. आणि आमच्या दादानं त्याच दिवसांत आईपुढं रानाचे कागद सहीला आणून ठेवले होते म्हणून सांगते, सगळ्या तपासण्या होऊन उपचार नीट लागू पडेपर्यंत वडलांची कुठल्याही कागदावर सही घेऊ देऊ नका, मागणारा सख्खा असला तरी.